भांडायची नोकरी

१

मला भांडायची नोकरी होती.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जागा मिळणार नाही. सकाळी अंघोळ करायची, पिशवी काखेत मारायची, बस पकडायची, केंद्रावर जायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडायचं. लोक आयुष्यभर फुकट भांडतात, मला पगार होता.

झालं असं, की माझ्या नव्या इस्त्रीच्या वायरीतून ठिणग्या उडायला लागल्या. मी ती दुकानात परत घेऊन गेले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "वापरताना तुमच्याकडून काही चूक झाली असेल." मग चूक म्हणजे काय असतं ते मी त्याला समजावून सांगितलं. निम्मा रस्ता गोळा झाला. त्या गर्दीत एक बाई नाटकाला आल्यासारखी उभी होती. मी दम घ्यायला थांबले तशी ती पुढे आली आणि इतक्या हळू आवाजात बोलली, की मला कान पुढे करावा लागला.

"ताई, हेच आमच्याकडे येऊन कराल का? रोज?"

मी तिचं नाव हळूबाई ठेवलं. खरं नाव सांगितलं होतं तिने, पण ते तिला शोभत नव्हतं.

हळूबाईच्या केंद्रात दुकानातली, बँकेतली, दवाखान्यातली काउंटरवर बसणारी माणसं बोलायला शिकत. तोंडात जीभ असलेल्या माणसांना बोलायला काय शिकवायचं, असं मलाही वाटलं होतं. पण तिथली रीत वेगळी होती. गिऱ्हाईक तापलं, की उत्तर द्यायचं नाही. आधी हात छातीवर ठेवायचा. मान जराशी डावीकडे कलती करायची. श्वास घ्यायचा. मग गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं त्याचं त्यालाच परत करायचं. "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की इस्त्री धोकादायक आहे." असं. याला ते 'परत करणं' म्हणत. परत केलं की माणूस थंड होतो म्हणे. जसं काही आपलंच उष्टं आपल्याला वाढलं की पोट भरतं.

मी ते तापलेलं गिऱ्हाईक. शिकाऊ बदलत, गिऱ्हाईक मीच. मी चौथी शिकलेली, पण या कामात माझा हात धरणारी त्या शहरात नव्हती.

२

सरावाची खोली लांबट होती. एका टोकाला काउंटर, त्याच्यावर कुठेही न लागणारा फोन. मागे फळीवर रिकामी खोकी. भिंती फिक्या हिरव्या, खिडकी नाही. काउंटरच्या समोरच्या भिंतीत, म्हणजे माझ्या पाठीशी, माणसाहून उंच काळी काच होती. तिच्या मागे बसून शिकवणारे शिकाऊंना बघतात, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. काचेच्या बाजूला एक दार होतं, ते कायम बंद.

मला त्याचं काही नव्हतं. बघा बापडे. लाजायला मी काय नवी नवरी आहे?

माझं भांडण ठरलेलं होतं. आधी पिशवी काखेत घट्ट, मग दोन पावलं पुढे, मग "ओ, इकडे बघा जरा", मग इस्त्रीची कहाणी, आणि "माझ्या घरात लेकरू आहे, ते चिकटलं असतं तर?" या वाक्याला तळहात काउंटरवर दाणकन. तो दणका ऐकला की शिकाऊंचे डोळे मिटत. तिथेच ते घसरत. एकदा एक दाढीवाला गडी रडला होता. मी त्याला नंतर माझा रुमाल दिला.

एक दिवस मी दणका दिला आणि समोरच्या शिकाऊ मुलीचा श्वास घेऊन झाला, तसा मला तोच दणका मागून ऐकू आला.

दाण.

माझ्यासारखाच. तळहाताचा, लाकडावरचा. काचेमागून.

मी वळले. काचेत मीच उभी होते, पिशवी काखेत धरून. मी मनाशी म्हटलं, खोली रिकामी आहे, आवाज फिरून आला असेल. विहिरीत हाक मारली की येतो तसा.

पण विहीर काही शिकाऊ पोरीचा श्वास पुरा होईपर्यंत थांबत नाही.

३

आता माझ्या लेकीचं सांगते, कारण गोष्ट तिचीच आहे.

आम्ही दोघीच. दोन खोल्या, एक पंखा. माझी लेक म्हणजे जिभेला धार लावून जन्मलेली. ओला टॉवेल पलंगावर टाकायची, मी बोलायचे, ती म्हणायची, "पलंगाला ताप आलाय, पट्टी ठेवलीय." मी म्हणायचे, "तुझ्या सासूची दया येते मला." ती म्हणायची, "मला तर तुझ्या सासूची येते." शेजारीपाजारी भिंतीला कान लावून आमचं भांडण ऐकत आणि मग आपला टीव्ही बंद करत. ते भांडण म्हणजे आमच्या घरातली कडी होती. आम्ही घरात आहोत, हे त्याच्यावरून कळायचं.

तिला काम हवं होतं. एक दिवस म्हणाली, "तुला भांडायचा पगार देतात, मला गोड बोलायचा देऊ देत. घरातल्या घरात दोन्ही टोकं होतील."

"तुझ्याच्याने होणार नाही. तू गोड बोललीस तर दात किडतील ऐकणाऱ्याचे."

"बघच तू."

केंद्रावर तिला माझ्यासमोर उभी करत नसत. घरचं माणूस घरच्या माणसापुढे नको, असा नियम. ती दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. पहिल्या आठवड्यात घरी येऊन तिने सगळ्यांच्या नकला केल्या. हात छातीवर, मान कलती, डोळे म्हशीसारखे ओले. "म्हणजे आई, तुला असं वाटतंय, की टॉवेल ओला आहे." मी इतकी हसले, की पोटाला कळ आली.

ती नक्कल फार छान करायची. रोज करायची. जेवताना, केस विंचरताना, दारात चपला घालताना. आणि मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मी हसायची थांबले आहे आणि ती करायची थांबलेली नाही.

४

एका दुपारी ती झोपली होती. मी चादर घालायला गेले. झोपेत तिचा हात छातीवर होता. मान डावीकडे.

मी हात उचलून बाजूला ठेवला. तो परत जागेवर गेला. पाळलेल्या जनावरासारखा, हळूच.

मी स्वतःला म्हटलं, अगं, तू गिरणीत होतीस तेव्हा झोपेत तुझी बोटं सूत जोडत नव्हती का? सवय असते. काम अंगात मुरतं. मुरू दे.

ती उठल्यावर मी तिचा निळा कप तिच्यासमोर जमिनीवर आपटला. मुद्दाम. त्या कपाला कोणी हात लावला तरी ती घर डोक्यावर घ्यायची. एकदा मी त्यात चुकून खोबरेल ठेवलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

कपाचे तुकडे मोरीपर्यंत गेले. तिने त्यांच्याकडे पाहिलं. श्वास घेतला.

"म्हणजे तुझ्या हातून कप फुटला. तुला वाईट वाटलं असेल."

"मी फोडला! मुद्दाम फोडला!"

"म्हणजे तुला तो फोडावासा वाटला. मी समजू शकते."

"काय समजतेस तू? सांग ना, काय समजतेस?"

ती हसली. तिच्या बापाचं नाही, माझं नाही, असं हसू. आणि वाकून तुकडे गोळा करायला लागली. एक तुकडा तिने मुठीत धरला होता आणि मूठ आवळत चालली होती. चेहरा शांत, आणि बोटांच्या फटीतून लाल धार. मी तिची मूठ उघडून तुकडा काढला. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत काहीतरी होतं, बंद दाराच्या फटीत पाऊल दिसावं तेवढंच. मग तेही गेलं.

त्या क्षणी मी ठरवलं, की ही पोरगी मी सोडणार नाही. त्यांनी तिला घेतलीय, कुणी ते मला माहीत नाही, पण मी तिला वाढवलीय.

५

मग मला ते बाहेरही दिसायला लागलं.

औषधवाला. जन्माचा खेकसणारा माणूस. 'सुट्टे नाहीत, पुढे व्हा' यापलीकडे त्याचं बोलणं नव्हतं. त्याने हात छातीवर ठेवला. मी म्हटलं, शिकून आला असेल. केंद्र त्याचसाठी आहे. बसमध्ये एकाने दुसऱ्याच्या पायावर पाय दिला. पाय चेंगरलेला म्हणाला, "म्हणजे तुम्हाला पुढे जायचंय." खालच्या मजल्यावरच्या जावाजावा, ज्या दोरीवरच्या कपड्यांवरून एकमेकींच्या सात पिढ्या काढत, त्या समोरासमोर माना कलत्या करून उभ्या होत्या. कोणीच आधी बोलत नव्हती. दोघींकडे परत करायला काही नव्हतं.

रस्त्यावर भांडण ऐकू येईनासं झालं. तुम्ही म्हणाल, बरंच झालं की. मीही म्हणून पाहिलं. पण हॉर्न नाही, शिवी नाही, कोणी कोणाला 'आंधळा आहेस का' म्हणत नाही, अशा बाजारातून एकदा चालून बघा. घरात मयत झाल्यावर लोक पायरव न करता फिरतात, तसं सगळं शहर फिरत होतं.

आणि एक दिवस भाजीच्या रांगेत मला भांडण ऐकू आलं. खरं, कडकडीत, बाईमाणसाचं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तहानलेल्याला नळाचा आवाज यावा तशी मी गर्दीतून घुसले.

ती तरणी बाई होती. माझ्यासारखी दिसत नव्हती, एका अंगानेही नाही. पिशवी काखेत. दोन पावलं पुढे. "ओ, इकडे बघा जरा." तिच्यासमोर कांदेवाला होता आणि ती त्याला इस्त्रीची कहाणी सांगत होती. वायर, ठिणग्या, सगळी. माझ्या शब्दांत, माझ्या जागी दम घेऊन.

"माझ्या घरात लेकरू आहे, ते चिकटलं असतं तर?"

दाणकन तिने हात तराजूवर मारला. कांदेवाल्याने मान कलती केली आणि तिचं गाऱ्हाणं तिला परत केलं. ती थंड झाली. एकदम, गॅस बंद केल्यासारखी. दोघं आपापल्या वाटेने निघाले. कांदे कोणी घेतलेच नाहीत.

मी तिला गाठलं. "बाई, कुठे शिकलीस हे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझ्याशी काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. मी ना गिऱ्हाईक होते, ना दुकानदार.

६

दुसऱ्या दिवशी मी थेट हळूबाईच्या खोलीत गेले. टकटक वगैरे काही नाही.

"काचेमागे कोण बसतं?"

हळूबाईने कागद बाजूला केले. हात छातीवर. "म्हणजे तुम्हाला असं वाटतंय, की काचेमागे कोणी बसतं."

"मला वाटत नाही. मला ऐकू येतं. मी हात आपटला की मागून आपटल्याचा आवाज येतो. आधी उशिरा यायचा, आता लगेच येतो. काल तर माझा हात पडतो न पडतो तोच आला."

"तुम्ही थकला आहात, ताई."

"मी थकले की झोपते. आवाज काढत नाही. दार उघडा ते."

"ते दार आमच्याकडे नाही," ती म्हणाली. एवढं एकच ती परत न करता बोलली. आणि बोलल्यावर जराशी दचकली, आपणच आपल्या पायावर पाय दिल्यासारखी. मला पहिल्यांदा तिची कीव आली. तिनेही कधीतरी कोणाला तरी 'आंधळी आहेस का' म्हटलं असेल.

मग ती सावरली आणि म्हणाली, की माझी लेक तयार झालीय. आज शेवटचा सराव. तो माझ्यासमोरच करायचा, नियम तेवढ्यापुरता बाजूला. आईच्या रागापुढे टिकली, की कोणाच्याही पुढे टिकेल. पास झाली, की संध्याकाळच्या गाडीने मोठ्या केंद्रावर. राहायची सोय तिथेच.

"परत कधी येणार?"

हळूबाई नुसती हसली. ते हसू मी ओळखलं. घरी तेच बघत होते मी.

मला तेव्हाच पोरीला उचलून निघायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मला माझ्या तोंडावर भरवसा होता. अख्खं आयुष्य ज्या हत्यारावर काढलं ते मी त्या दिवशी पाजळून घेतलं. म्हटलं, असा आवाज लावीन, की छताचा गिलावा पडेल आणि त्याच्याखालून माझी लेक बाहेर येईल.

७

ती काउंटरमागे उभी होती. केस चोपून बसवलेले. हाताला पट्टी.

"या, ताई," मला म्हणाली. मला. "मी आपली काय मदत करू?"

पिशवी काखेत. दोन पावलं पुढे. मी सुरू झाले. इस्त्रीपासून निघाले आणि कुठल्या कुठे गेले. तिला जे जे लागेल ते सगळं बोलले. तिचं रूप, तिची अक्कल, तिचा तो मित्र, ज्याचं नाव काढलं की ती ताट सरकवून उठायची. माझा गळा सोलला. ती एकेक वाक्य घेत होती, पुसून, घडी घालून मला परत करत होती. जितकं मी जास्त देत होते तितकं तिचं काम सोपं होत होतं. हे मला बोलता बोलता कळत होतं आणि मला थांबता येत नव्हतं. घसरगुंडीवरून निम्म्यात कोण थांबलंय?

"माझ्या घरात लेकरू आहे!" मी ओरडले. दाण.

मागून आवाज आला नाही.

मला हायसं वाटलं. गेले, म्हटलं, जे कोणी होते ते. मी अजून एकदा हात आपटला. नाही. मग तिसऱ्यांदा मी हात उचलला, आणि तो तसाच वर धरून ठेवला. का, ते विचारू नका. चालता चालता आपण उगाच थांबतो तसं.

दाण.

एक हात नव्हता तो. पुष्कळ होते. एकाच वेळी, एकाच ताकदीने, पुष्कळ तळहात लाकडावर पडले होते आणि माझा हात हवेत होता. म्हणजे आवाज गेलेला नव्हताच. इतके दिवस मागून येता येता तो आता माझ्याबरोबर पडत होता, माझ्याच दणक्याखाली लपून.

मी काचेपाशी गेले. दोन्ही हातांचा आडोसा डोळ्यांभोवती केला आणि नाक काचेला लावलं.

आत अंधार होता. खुर्च्या दिसल्या, एकीमागे एक, पार शेवट दिसत नव्हता. प्रत्येक खुर्चीत काखेत काहीतरी आवळून धरलेला एक आकार. आणि अगदी जवळ, काचेच्या पलीकडे, हातांचा आडोसा करून लावलेले डोळे. ते माझंच प्रतिबिंब असेल. काचेला काय धाड भरलीय मला माझा चेहरा दाखवायला? पण माझे डोळे दोनच आहेत.

माझ्या वाफेने काच पांढरी झाली. पलीकडूनही झाली.

मी मागे सरकले आणि पाठीमागून माझ्या लेकीचा आवाज आला, मधासारखा. "म्हणजे तुम्हाला भीती वाटतेय."

वाटत होती. का खोटं बोलू? पण भीतीच्या खालून मला संतापही येत होता आणि तो इस्त्रीचा नव्हता. इतके दिवस मला वाटत होतं, की ही सगळी कलत्या मानेची माणसं एकीकडे आणि मी एकटी ताठ मानेची दुसरीकडे. आणि इथे माझी ताठ मान घोटून घेणारा वर्ग भरला होता. त्यांना दोन्ही लागत होतं. ओरडणारा आणि परत करणारा. दोन्ही पुतळे घडले, की मग माणसाची गरज कशाला?

मग मी गप्प बसले.

खुर्ची ओढली आणि बसले. पिशवी काखेतून काढून जमिनीवर ठेवली. पाय पसरले.

लेक वाट बघत राहिली. हात छातीवर. श्वास घेतलेला, सोडायला कारण नाही. काचेमागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, पण विस्कळीत, एक आत्ता, दुसरा मग. कोणीतरी खोकलं. मी खोकले नव्हते.

"चल घरी," मी साध्या आवाजात म्हटलं.

"म्हणजे तुम्हाला घरी..."

मी उठले, काउंटरचं झाकण उचललं, तिच्या दंडाला धरलं आणि ओढली. तिची एक चप्पल तिथेच राहिली. दारात हळूबाई उभी होती, दोन्ही हात पसरून.

"ताई, तुमचा राग मी समजू शकते."

"राग नाही हा," मी म्हटलं. "रागाचा तुम्ही पगार देता. हे फुकट आहे. सरका."

ती सरकली. परत करायला तिला काही सापडलंच नाही.

८

जिन्यात ती माझ्यामागून ओझ्यासारखी आली. "म्हणजे तुला वाटतंय... म्हणजे तुला असं..." वाक्य पुरं होत नव्हतं. दारावरचा म्हातारा उठून उभा राहिला, त्याने मान कलती केली, मी त्याला तसाच ठेवून पुढे गेले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्ता तापलेला. तिचा अनवाणी पाय डांबरावर पडला.

"आई गं!"

मी थांबले नाही.

"आई, थांब. पाय भाजतोय. म्हणजे तुला... अगं सोड! हात सोड माझा!"

तिने झटका दिला. दंड सुटला. एका पायावर लंगडत ती भर रस्त्यात उभी राहिली, चोपलेले केस सुटून तोंडावर आलेले, आणि नाकाचा शेंडा लाल झालेला.

"तुला कळतं का काही? मी पास होत होते! आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी पास होत होते! तुला बघवत नाही कोणाचं. ओढायचं, नुसतं ओढायचं, माणूस आहे का बैल हे बघायचं नाही. बाबापण म्हणूनच गेला!"

तिच्या बापाबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे. तो गेला त्या दिवसापासून नाही. तो का गेला ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिने मला विचारलं नव्हतं. त्या केंद्रात मी शेकडो भांडणं भांडले होते, पण हे वाक्य माझ्या कुठल्याही भांडणात नव्हतं. ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. इतकी वर्षं तिने ते एकटीने वाढवलं होतं, मला मारायलाच.

लागलं. असं लागलं, की मी विजेच्या खांबाला हात टेकला. आणि खांबाला टेकून मी हसायला लागले.

"हसतेस काय? मी काय विनोद केला?"

"बोल बये. अजून बोल. माझी सोन्यासारखी लेक गं ती."

"वेड लागलंय तुला."

"लागू दे."

तेवढ्यात वरून आवाज आला. केंद्राच्या पहिल्या मजल्यावरून, जिथे खिडकीच नव्हती, त्या भिंतीतून. कुणा पोरीचा आवाज, चाचपडत, पाठांतराला बसल्यासारखा.

"बाबापण म्हणूनच गेला."

मग दुसरा, जरा खालच्या पट्टीत. "बाबापण म्हणूनच गेला." मग चार-पाच एकदम.

माझ्या लेकीने वर पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. ती सरकत माझ्याजवळ आली आणि तिने पट्टीच्या हाताने माझं मनगट धरलं. तिला ते दुखत असणार. तरी घट्ट धरलं.

"आई, ते माझं आहे. ते मी म्हटलं होतं."

"ऐकलं मी."

"ते घेताहेत."

"घेऊ देत. तुझ्याकडे तेवढं एकच आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. छातीकडे हात निघाला, अर्ध्यात थांबला, आणि तिने तो कमरेवर ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "खूप आहे. तुला ऐकवणार नाही."

"ऐकेन. चालता चालता बोल. माझी एक चप्पल घाल."

"तुझी चप्पल? ती नावेएवढी?"

"मग भाज पाय."

तिने चप्पल घातली. मी एका चपलेवर, ती दोन बेजोड चपलांवर, अशा आम्ही एकमेकींना धरून निघालो. तिने बापापासून सुरुवात केली, मग शाळेवर आली, मग मी तिच्या मैत्रिणीला हाकललं होतं त्यावर. काही खरं होतं, काही साफ खोटं, मी मध्येच तोंड घालत होते आणि ती आवाज चढवत होती. फुटपाथवरची माणसं माना कलत्या करून थांबली होती. एका म्हातारीने मात्र छातीवरचा हात काढून कपाळावर मारून घेतला आणि म्हणाली, "काय कजाग मायलेकी आहेत!"

मी तिला वाकून नमस्कार केला.

मागे त्या भिंतीतून अजून बापाचंच वाक्य येत होतं, आता पुष्कळ गळ्यांतून, अगदी बिनचूक. आम्ही पुढच्या भांडणावर होतो.